चेंडू असो की भाला: फेकीत आधी काय हलतं आणि काय थांबतं

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर संध्याकाळी सीमारेषेवरून थ्रो करणाऱ्या पोट्ट्यांना एकच सूचना सारखी मिळते: ‘हाताला जोर लाव ना बे!’ हेतू चांगला असला तरी सूचना भलत्या जागी लागते. बेसबॉलमधला एक जुना प्रयोग यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. फेकणाऱ्याच्या ट्रायसेप्सकडे जाणारी नस बधिर केली, म्हणजे कोपर सरळ करणारा मुख्य स्नायूच बंद पाडला. तरीही थोड्या सरावानंतर त्याचा चेंडू आधीच्या ८० टक्क्यांहून जास्त वेगाने गेला. त्याचं कोपर सरळ होत होतं ते धड आणि खांदा यांच्या वळण्यातून.

स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी पडतो, हा शरीराचा पक्का नियम आहे. दंडाचे आणि मनगटाचे स्नायू लहान असतात, आणि चेंडू सुटताना त्यांना जो वेग गाठावा लागतो त्या वेगात त्यांच्याकडे देण्यासारखा जोर फारसा उरत नाही. म्हणून काम करायचं ते मांड्या, कुल्ले आणि पोटाच्या मोठ्या स्नायूंनी, तेही तुलनेने सावकाश. मग तो वेग एकेका हलक्या भागाकडे सरकवायचा. सरकवायचा कसा? मागच्या भागाला ब्रेक लावून. खुबा थांबतो तेव्हा धड सुटतं, धड थांबतं तेव्हा दंड सुटतो, दंड मंदावतो तेव्हा पंजा सुटतो. शेतात पाखरं हाकलणारा गोफण फिरवतो तेव्हा दगडाला वेग मिळतो तो हात थबकल्यावर, तसंच हे. जो भाग वेळेवर थांबत नाही तो पुढच्याचा वेग खातो.

पुढचं सगळं वर्णन उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी वाचावी.

मेंदूकडे वेळ किती असतो

पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून चेंडू किंवा भाला सुटेपर्यंत जोरदार फेकीत साधारण ०.१२ ते ०.१५ सेकंद जातात. डोळ्यांनी पाहून हालचाल बदलायला मेंदूला ०.२ सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे डावा पाय टेकला की फेकीत दुरुस्ती करायला वेळ उरलेला नसतो. कोणता स्नायू कधी सुरू करायचा आणि कधी सोडायचा, ही आज्ञा आधीच रचून पाठवलेली असते. या वेळापत्रकाची बारीक जुळणी लहान मेंदू करतो. त्याला इजा झालेल्या माणसाची बोटं फेकताना कधी लवकर उघडतात तर कधी उशिरा, मग चेंडू कुठेही जातो.

यातून प्रशिक्षकाने घ्यायची गोष्ट साधी आहे. खेळाडू धावत असताना ‘कोपर वर, कोपर वर’ ओरडून उपयोग नाही. सूचना रन-अपच्या आधी द्यावी आणि एका फेकीला एकच द्यावी.

दुसरी गोष्ट पुष्कळांना पटत नाही. अगदी हळू फेकून शिकवलेली हालचाल पूर्ण वेगात तशीच उतरत नाही. एक भाग फिरताना दुसऱ्या भागाला जो झटका देतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केला की झटका चौथाईवर येतो, आणि मग कोपर सरळ करायला ट्रायसेप्स वापरावाच लागतो. म्हणजे हळू सरावात शरीर वेगळीच रीत शिकतं. क्रम समजेपर्यंत पाचसहा फेकी हळू कराव्यात, त्यानंतर ७० ते ८० टक्के वेगावर यावं.

डावा पाय: सगळ्यात दुर्लक्षित ब्रेक

उजव्या पायावर वजन घेऊन डावं पाऊल टाकायचं. क्रिकेटच्या थ्रोमध्ये या पावलाची लांबी स्वतःच्या उंचीच्या साधारण ७० ते ८५ टक्के असावी. आखूड पावलात खुब्याला वळायला जागा मिळत नाही, आणि फार लांब टाकलं तर वजन मागेच राहतं. पाऊल लक्ष्याच्या दिशेला, किंवा त्याच्या किंचित उजवीकडे पडावं. ते डावीकडे उघडं पडलं की खुबा आधीच वळून जातो, पुढे वळायला काही शिल्लक राहत नाही.

पाऊल टेकताना गुडघा थोडा वाकेल, ते चालतं. टेकल्यावर मात्र मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्सने त्याला तिथेच रोखायचं, आणि चेंडू सुटेपर्यंत पाय सरळ होत गेला पाहिजे. या क्षणी जमीन शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोराने उलट ढकलत असते. गुडघा खचला तर रन-अपमधून आणलेला वेग त्या खचण्यातच संपतो. पाय ताठ राहिला तर खालचं शरीर थांबतं आणि वरचं डाव्या खुब्याभोवती पुढे फेकलं जातं.

भाल्यात तर हे सगळ्यात जास्त दिसतं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने ८७.५८ मीटरची सुवर्णपदकाची फेक केली. त्याच्या फेकींचं चित्रण सावकाश चालवून फक्त डाव्या पायाकडे बघा. भाला सुटल्यावर तो पुढे झेपावून दोन्ही हातांवर पडतो, हे त्याचं नेहमीचंच. इतक्या वेगाने आलेलं शरीर एका पायाने अडवलं की वरचा भाग पुढे जाणारच.

भाला शिकणाऱ्यांनी शेवटच्या दोन पावलांचा ताल जपावा. उजवा पाय टेकल्यावर डावा लगेच यायला हवा. उजव्या पायावर उंच उडी मारून थांबणं ही नवशिक्यांची हमखास चूक, त्यात वेग वर जातो आणि पुढचा संपतो. सुरुवातीला पाच पावलांचाच रन-अप ठेवा.

खुबा पुढे, खांदे मागे

डावा पाय टेकतो तेव्हा खुबा लक्ष्याकडे वळायला लागलेला असावा आणि खांदे अजून बाजूलाच असावेत. चांगल्या फेकणाऱ्यांत खुब्याची रेषा आणि खांद्यांची रेषा यांमध्ये साधारण ४० ते ६० अंशांचा फरक दिसतो. या फरकामुळे पोटाचे तिरके स्नायू आणि छातीचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू लगेच आखडला तर जास्त जोर देतो. टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, साठलेली ऊर्जा परत मिळते, शिवाय ताण पडताना स्नायू आधीच जागा झालेला असतो. यात ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ताणून धरून थांबलात तर फायदा विरून जातो. म्हणून ‘मागे खेच, थांब, मग फेक’ ही शिकवण टाकून द्यावी.

क्रम असा येतो: उजव्या कुल्ल्याचे स्नायू जमीन ढकलतात, उजवा खुबा आत वळतो, डाव्या पायाच्या ब्रेकने खुबा थबकतो, मग पोटाचे तिरके स्नायू बरगड्यांचा पिंजरा ओढून आणतात. डावा हात इथे फार कामाचा असतो. तो आधी लक्ष्याकडे लांब असतो. धड वळताना त्याचं कोपर दुमडून छातीशी घट्ट आणायचं. डावी बाजू अशी थांबली की उजवा खांदा वेगाने पुढे येतो. तो हात नुसता लोंबकळत मागे गेला तर धड वळतच राहतं आणि हाताला काही पोहोचत नाही.

खांदा, कोपर, बोटं

डावा पाय टेकतो त्या क्षणी क्रिकेटच्या थ्रोमध्ये दंड खांद्याच्या पातळीत आणि कोपर साधारण ९० अंशांत असावं. मग धड वळतं आणि पंजा मागेच राहतो. इतका, की उत्तम फेकणाऱ्याचा कोपरापुढचा हात क्षणभर जवळपास जमिनीला समांतर दिसतो. हे मागे झुकणं जोर लावून करायचं नसतं. हात सैल असेल तर धडाच्या वळण्याने आपोआप होतं. नंतर दंड आतल्या बाजूला फिरतो. व्यावसायिक बेसबॉलपटूंमध्ये या फिरण्याचा वेग सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास मोजला गेला आहे. दंड असाच फिरत राहिला असता तर सेकंदात १९ फेऱ्या झाल्या असत्या.

एवढा वेग सांभाळताना दंडाच्या हाडाचं डोकं उथळ खोबणीत धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार लहान स्नायू: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांना पाया देतं खांद्याचं पातं, म्हणजे स्कॅप्युला. पातं बरगड्यांवर सरकून वर वळलं नाही तर खोबणी एकीकडे आणि दंड दुसरीकडे, मग खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पातं फिरवणारे दोन स्नायू, बरगड्यांवरचा सेराटस अँटिरियर आणि पाठीतला खालचा ट्रॅपेझियस, छाती-बायसेप्सच्या व्यायामात हमखास विसरले जातात.

हात वरून यावा की बाजूने, यावर फार वाद होतात. खांद्याच्या रेषेशी दंडाचा कोन बहुतेकांत ९० अंशांच्या आसपासच राहतो. हात ‘वरून’ दिसतो तो धड डावीकडे झुकल्यामुळे. म्हणून हात वर घ्यायला सांगण्यापेक्षा धडाचा झुकाव बघावा.

मनगट आणि बोटं शेवटी येतात. चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटावरून घरंगळत सुटतो. पकड दहापैकी चार इतकीच ठेवा. मूठ आवळली की पुढचा हात आखडतो, आणि नवशिक्यात आधीच एकमेकांविरुद्धचे स्नायू एकाच वेळी ताणलेले असतात. दात आवळणं आणि मान ताठ करणं यातलंच.

नेम मात्र याच शेवटच्या क्षणात ठरतो. ३० मीटरवरून तीन स्टंपची २२.८६ सेंटिमीटर रुंदी अर्ध्या अंशापेक्षाही कमी भरते, आणि दिशा एका अंशाने चुकली तर चेंडू ५२ सेंटिमीटर बाजूला जातो. चेंडू काही मिलिसेकंद लवकर सुटला तर वर जातो, उशिरा सुटला तर जमिनीत.

हात थांबवणं हीसुद्धा फेकच

चेंडू सुटल्यानंतर हाताला थांबवायचं काम खांद्याच्या मागचे स्नायू करतात, आणि तेही लांबत-लांबत. स्नायूंना सगळ्यात जास्त मार इथे बसतो. म्हणून फॉलो-थ्रू पूर्ण हवा: धड वाकतं, उजवा पाय पुढे येतो, हात डाव्या मांडीकडे ओघळतो. थांबायला जितकी लांबी मिळेल तितका झटका कमी. भाल्यात रेषा ओलांडली की फाऊल, त्यामुळे बरेच जण हात मध्येच अडवतात. त्यापेक्षा डावा पाय रेषेच्या दीड ते दोन मीटर मागे टाका.

मोबाइलवर तपासणी

साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात पाय टेकण्यापासून चेंडू सुटेपर्यंत चारच चित्रं मिळतात. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम ठेवा, म्हणजे तीसेक मिळतील. मोबाइल उजव्या बाजूला ५-६ मीटरवर, कमरेच्या उंचीला. दुसरं चित्रण समोरून, पण जाळीमागून. बघायच्या गोष्टी: पाय टेकताना कोपर कुठे होतं, त्यानंतर डावा गुडघा आणखी वाकला का, आणि पट्ट्याचं बक्कल छातीच्या आधी वळलं का. बक्कल आणि छाती एकत्र वळत असतील तर फेक हातानेच चाललेली आहे.

सराव, याच क्रमाने

१. अंग गरम करणं, १० ते १२ मिनिटं. हलकं धावणं, खुब्याच्या फेऱ्या, चौपायी अवस्थेत पाठीचा वरचा भाग वळवणं (दोन्ही बाजूंना ८ वेळा). रबर बँडने दंड बाहेर फिरवणं, १५ चे २ संच. पुश-अपच्या वरच्या टोकाला पाती पुढे ढकलणं, १० चे २ संच.

२. खांद्यांवर काठी आडवी धरून उभं राहा. डावं पाऊल टाका, खुबा वळवा, काठी मागेच ठेवा, मग काठी वळू द्या. ८ चे २ संच. हा एकच व्यायाम हळू करून चालतो.

३. दोन्ही गुडघ्यांवर बसून टेनिस बॉल ८-१० मीटरवर, १० फेकी. पाय बाद केल्यामुळे धड आणि डावा हात काय करतात ते कळतं. इथे जोर लावू नका, पायांची मदत नसताना सगळा भार खांद्यावर येतो.

४. उजवा गुडघा टेकलेला आणि डावं पाऊल पुढे, १० फेकी. डाव्या पायाने जमीन दाबून धरण्याची जाणीव इथे येते.

५. भिंतीवर मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू), बाजूने वळून. मोठ्यांना २ किलो, बारा-चौदा वर्षांच्या मुलांना १ किलो. ६ चे ३ संच, दोन्ही बाजूंनी. डाव्या बाजूचे संच गाळू नका, ब्रेक लावणारे स्नायू त्यातच तयार होतात. चेंडू जड वाटून हालचाल मंदावली तर वजन कमी करा.

६. उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकून फेक, ७०-८० टक्के वेगाने, १० ते १५. मग शेवटी पूर्ण फेक.

पूर्ण जोराच्या फेकी सोळाच्या आतल्या मुलांनी एका दिवसात २०-२५ च्या पुढे नेऊ नयेत, आणि दोन जोराच्या दिवसांत ४८ तासांचं अंतर ठेवावं. लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो, टेनिस बॉल जेमतेम ५८ ग्रॅमचा. गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा एकदम लेदर बॉलने सीमारेषेवरून फेकायला लागला तर कोपर तक्रार करणारच. दोनतीन आठवडे अंतर कमी ठेवून बदल करा. भाल्यातही वयाला धरून राहा: १८ वर्षांखालच्या मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा, मुलींचा ५०० ग्रॅमचा; मोठ्यांचे ८०० आणि ६००.

चेंडू कुठे गेला त्यावरून चूक ओळखा

चेंडू सारखा उजवीकडे आणि वर जात असेल तर धड लवकर उघडतंय आणि हात मागे पडतोय. इलाज हाताला नाही, डाव्या पावलाला आणि डाव्या हाताला. डावीकडे आणि खाली जात असेल तर धड वळून गेल्यावर हात आडवा ओढला जातोय. दिशा बरोबर पण चेंडू मरतोय, तर डावा गुडघा बघा. भाल्याचं टोक वर उचललं जाऊन तो हवेत अडखळत असेल, तर मागे नेताना हात खांद्याच्या खाली पडलाय किंवा मनगट वाकलंय. तळहात आकाशाकडे आणि हात खांद्याच्या पातळीत ठेवा.

नागपूरची जमीन आणि हवा

वर सांगितलेला ब्रेक जमिनीच्या पकडीवर अवलंबून आहे, आणि आपली काळी माती त्यात दगा देते. पावसाळ्यात ती बुटाला चिकटून डावा पाय घसरतो. मग शरीर पुढच्या फेकीपासून नकळत गुडघा वाकवून सावध उतरायला लागतं आणि ही सवय दिवाळीपर्यंत राहते. पावसात पूर्ण फेकी बंद ठेवून भिंतीवरचा मेडिसिन बॉल आणि काठीचा व्यायाम करणं जास्त बरं. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, तेव्हा घोटा सांभाळा. मुरूम टाकून दाबलेली पट्टी दोन्ही ऋतूंत चालते. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या सिंथेटिक पृष्ठभागावर भाल्यासाठी १२ मिलिमीटरपर्यंतचे खिळे नियमात बसतात. टाचेखाली खिळे असलेले बूट घ्या, कारण ब्रेक टाचेपासून लागतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पहाटे साडेपाच ते साडेसात हीच वेळ. घामाने बोटं घसरली की पकड आपोआप आवळली जाते आणि पुढचा हात आखडतो, म्हणून दर फेकीआधी हात पुसा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट, अंग गरम करायला १० ऐवजी २० मिनिटं द्या.

दुखायला लागलं तर

खांद्याच्या मागे दुसऱ्या दिवशी जडपणा येणं साहजिक आहे, दोन दिवसांत जातो. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं वेगळं. वाढत्या मुलांत तिथल्या हाडाची वाढ-पट्टी (जिथून हाड वाढतं तो भाग) लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडांना बांधणाऱ्या बंधापेक्षा, कच्ची असते आणि ओढली जाते. त्या दिवशीच फेक थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक मलम लावून सामना खेळवू नका.

महिन्यातून एकदा घरी तपासा: पाठीवर झोपून दंड बाजूला ९० अंशांत, कोपर ९० अंशांत ठेवा, मग पंजा पायाकडे झुकवा. दुसऱ्याने खांदा पलंगावर दाबून धरावा. नंतर पंजा डोक्याकडे झुकवून बाहेरचं वळणही बघा. उजव्या हाताचं आतलं वळण डाव्यापेक्षा २० अंशांहून जास्त फरकाने कमी भरलं, आणि आतलं-बाहेरचं मिळून एकूण वळणही कमी असेल, तर जोराच्या फेकी थांबवून हात छातीवरून आडवा ओढण्याचा ताण द्या, ३० सेकंद, ३ वेळा, रोज.

विश्रांतीनंतर परत येताना अंतराने चढा: १० मीटरवर २० फेकी, मग १५, २०, ३० मीटर. प्रत्येक टप्प्याला किमान दोन सत्रं, मध्ये एक दिवस मोकळा. एखाद्या टप्प्यावर दुखलं तर एक टप्पा मागे. जोर वाढवायचा तो ३० मीटर बिनदुखता पार पडल्यावरच, आणि त्या दिवशीसुद्धा आधी डाव्या गुडघ्याचं चित्रण बघून.